अनुदानाची अट आणि राज्याचा अधिकार

(जालना येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर झेलला, अशी माणसे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परतूर या भागांत आजही भेटतात. त्या वेळी जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. परतूर परभणी जिल्ह्यात होता आणि बाकीचा मुलूख तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. १ मे १९८१ रोजी हे तालुके एकत्र येऊन नवा जिल्हा झाला. ही वयोवृद्ध मंडळी दुष्काळाविषयी बोलू लागली की खडी फोडण्याचे काम, नाला बांध, पाझर तलाव, मस्टरवरची हजेरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांचा उल्लेख हटकून येतो. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. हे काम कोणाचे, असे त्यांच्यापैकी कोणालाही विचारले असते तर एकच उत्तर आले असते : सरकारचे. कोणत्या सरकारचे, हा प्रश्न त्यांना गैरलागू वाटला असता. मजुरी वेळेवर हाती पडली आणि आठवडी बाजार साधला म्हणजे झाले.

राज्यघटनेला मात्र सरकार एकच आहे असे मानून चालत नाही. संघराज्य म्हटले की निदान दोन सरकारे आली, आणि १९९३ पासून तिसऱ्या स्तरालाही घटनेत स्थान मिळाले आहे. काम कोणी करावयाचे हे घटनेने एका यादीत वाटून दिले आणि पैसा कोणी गोळा करावयाचा हे दुसऱ्या यादीत. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक शासन ही कामे सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत आहेत. तर प्राप्तिकर, कंपनी कर, सीमाशुल्क ही उत्पन्नाची मोठी साधने केंद्राकडे आहेत. विहीर खणावयाची राज्याने आणि दोर असावयाचा केंद्राच्या हाती, असा हा प्रकार आहे. घटनाकारांनी तो अजाणता केलेला नाही. मोठे कर एका ठिकाणी गोळा केले तर ते सुलभपणे वसूल होतात आणि गरीब प्रदेशांना झुकते माप देता येते, हा त्यामागील विचार होता व तो चुकीचा म्हणता येत नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशाने तर तो मुळीच चुकीचा म्हणू नये.

प्रश्न उद्भवतो तो पुढे. गोळा झालेला पैसा राज्याकडे परत येतो तेव्हा तो कोणत्या वाटेने येतो, आणि त्या वाटेवर कोणकोणत्या अटी उभ्या असतात?

घटनेत अशा तीन वाटा आहेत. पहिली वाट करांच्या वाट्याची. अनुच्छेद २८० अन्वये दर पाच वर्षांनी किंवा त्यापूर्वी राष्ट्रपती वित्त आयोग नेमतात आणि केंद्रीय करांचा किती हिस्सा राज्यांना द्यावा याची शिफारस तो आयोग करतो. चौदाव्या आयोगाने ४२ टक्के, पंधराव्या आयोगाने ४१ टक्के असा हा हिस्सा सुचविला. हा पैसा राज्याचा हक्काचा. तो कशावर खर्च करावा हे केंद्र सांगत नाही. (उपकर आणि अधिभार मात्र या वाटणीच्या बाहेर राहतात, आणि ते वाढले की वाटणीयोग्य रक्कम त्या प्रमाणात आक्रसते, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही.) दुसरी वाट अनुच्छेद २७५ ची. ज्या राज्यांना साहाय्याची गरज आहे त्यांना संसदेने कायद्याने द्यावयाची ही अनुदाने होत. तिसरी वाट अनुच्छेद २८२ ची, आणि आजच्या विषयाचा सारा गाभा तिथे आहे.

हा अनुच्छेद ‘संकीर्ण वित्तीय उपबंध’ या शीर्षकाखाली येतो. शीर्षकच सांगते की ही आडवाट होती. मजकूर अवघ्या एका वाक्याचा आहे. केंद्राला किंवा राज्याला कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देता येईल, मग त्या प्रयोजनाबाबत कायदा करण्याचा अधिकार संबंधित विधानमंडळाला असो वा नसो, असा त्याचा आशय. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमातील कलम १५० मधून तो आपल्या घटनेत आला. याचा अर्थ सरळ आहे. शेतीवर संसदेला सर्वसाधारणपणे कायदा करता येत नाही. पण शेतीसाठी अनुदान देता येते. आणि अनुदान देता येते म्हटले की ते कसे खर्च करावे याच्या मार्गदर्शक सूचनाही देता येतात. कायद्याच्या दाराने जे आत जाऊ शकत नाही ते अनुदानाच्या खिडकीतून जाऊ शकते.

पुढे या आडवाटेचा राजरस्ता झाला. मार्च १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने योजना आयोग स्थापन झाला. घटनेत त्याचा उल्लेख नव्हता. पंचवार्षिक योजनांचे साहाय्य मात्र त्याच्या सल्ल्याने, अनुच्छेद २८२ च्या आधारे वाटले जाऊ लागले. घटनेने निर्माण केलेला वित्त आयोग एकीकडे आणि घटनेबाहेरचा योजना आयोग दुसरीकडे, अशी ही व्यवस्था सहा दशके चालली. तिला काही शिस्त लावण्याचे श्रेय एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. १९६७ मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष झालेले धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून, लागू झाले. साहाय्यातील ६० टक्के भाग लोकसंख्येनुसार. उरलेले ४० टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष समस्या यांना १०-१० टक्के, अशी विभागणी होती. आकडे नीट पाहिले तर सूत्रामागचा हेतू कळतो. दिल्लीतील कोणाची मर्जी कोणत्या राज्यावर आहे, याला त्यात जागाच ठेवलेली नव्हती. प्रत्येक राज्याला आपला वाटा कागदावर मांडून काढता येत होता. केंद्र पुरस्कृत योजना मर्यादित ठेवाव्यात, असेही त्याच सुमारास राष्ट्रीय विकास परिषदेत ठरले. तो निर्णय पुढे कितपत पाळला गेला हे या सभागृहातील ज्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर योजनांच्या फायली आहेत त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाचे मूळ याहूनही जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७१ पूर्वी प्रांतांनी खर्च करावा आणि पैसा मध्यवर्ती सरकारने पुरवावा अशी पद्धत होती. त्यानंतर नेमून दिलेल्या रकमा, मग नेमून दिलेली उत्पन्ने, मग वाटून घेतलेली उत्पन्ने अशा पायऱ्यांनी व्यवस्था कशी बदलत गेली, याचा शोध त्या ग्रंथात घेतलेला आहे. मिळविण्याची जबाबदारी एकाची आणि खर्चण्याचा अधिकार दुसऱ्याचा असला की दोघेही बेजबाबदार होतात, ही गोष्ट तो इतिहास वाचताना ठायी ठायी प्रत्ययास येते. जालन्याचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो हिशेब थेट या भागाचा नव्हे. परंतु ज्यांनी पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले त्यांच्या नजरेसमोर तो होता.

मग अनुच्छेद २८२ ला मर्यादा आहे की नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ मे २०१० रोजी भीमसिंग विरुद्ध भारत संघ या प्रकरणात याचे उत्तर दिले. प्रकरण खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचे होते. हा ‘खासदार निधी’ १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्यातून झालेले सभामंडप, वर्गखोल्या, रस्ते प्रत्येक गावाने पाहिलेले आहेत. स्थानिक शासन हा राज्याचा विषय असताना केंद्राचा पैसा खासदारांच्या शिफारशीने गावात कसा खर्च होतो, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला. अनुच्छेद २८२ चा व्याप संकुचित करता येणार नाही. सार्वजनिक प्रयोजन असले आणि संसदेने विनियोजन मंजूर केले असले की पुरे, स्वतंत्र कायद्याची आवश्यकता नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. म्हणजे ज्या वाटेला कुंपण असेल असे काही विद्वानांना वाटत होते, त्या वाटेला न्यायालयानेही कुंपण घातले नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला, तो पाहण्यासारखा आहे. १९८४ मध्ये तेथील काँग्रेसने असे ठरविले की ज्या राज्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकत घेता येते, त्या राज्याच्या महामार्ग अनुदानातून ५ टक्के रक्कम रोखून धरावी. साऊथ डाकोटा राज्य न्यायालयात गेले. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरविली, पण काही कसोट्याही घालून दिल्या. अट स्पष्ट असावी, अनुदानाच्या हेतूशी तिचा संबंध असावा, आणि तिचा दाब इतका असू नये की राज्याला नाही म्हणण्याची सोयच राहू नये. ५ टक्क्यांचा दाब न्यायालयाला सौम्य वाटला. २०१२ मध्ये मात्र वेगळे घडले. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याची योजना वाढविण्यास जी राज्ये नकार देतील त्यांचे त्या योजनेचे पूर्वीपासून चालत आलेले सगळे अनुदान बंद करता येईल, अशी नव्या आरोग्य कायद्यात तरतूद होती. हे अनुदान राज्याच्या एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांहून अधिक भरत असे. न्यायालयाने ही जबरदस्ती ठरविली. वाढीव काम नको असेल तर वाढीव पैसा मिळणार नाही, इथपर्यंत ठीक. पण जुना पैसाही तोडण्याची धमकी देता येणार नाही, असा तो निर्णय होता.

आपल्या न्यायालयांनी अशी कसोटी अद्याप तयार केलेली नाही. शिक्षकवर्गाला यातील एक ताजे प्रकरण ठाऊक असेल. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेला. २०२४-२५ मध्ये समग्र शिक्षा योजनेचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये केंद्राने अडविले, कारण पीएम श्री शाळांचा व त्यासोबत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा करार राज्याने केला नाही, अशी तमिळनाडूची तक्रार होती. मे २०२५ मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. एका योजनेचा करार केला नाही म्हणून दुसऱ्या योजनेचा पैसा थांबविता येतो काय, हा त्यातील प्रश्न. तमिळनाडूची बाजू योग्य की केंद्राची, याचा निवाडा या व्यासपीठावर करावयाचा नाही. प्रश्न मात्र अमेरिकेतील २०१२ च्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशी म्हण आपल्याकडे आहे. कायद्याने कुंपण नाही म्हटल्यावर राज्याने काय करावे? महाराष्ट्राने एकदा याचे फार चांगले उत्तर दिले होते, आणि ते उत्तर दुष्काळी कामांच्या मातीतूनच उगवले होते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ मध्ये राज्याची रोजगार हमी योजना सुरू झाली आणि लागलीच दुष्काळाने तिला गाठले. दुष्काळ संपल्यावर ती गुंडाळून ठेवणे सोपे होते. पूर्वीची दुष्काळी कामे तशीच संपत असत. महाराष्ट्राने उलटे केले. विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमी विधेयक एकमताने संमत केले व २६ जानेवारी १९७९ पासून अधिनियम अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हा मजुराचा कायदेशीर हक्क झाला. असा हक्क देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य.

या कायद्याची सर्वांत मोलाची बाजू त्याच्या पैशाची होती, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. राज्याने केंद्राकडे हात पसरला नाही. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर बसविला. त्याशिवाय मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, शहरांतील बिगर-निवासी इमारती व जमिनींवर कर, असे निधीचे झरे एकत्र केले आणि जमलेल्या रकमेइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरविले. मुंबईतील कारखान्याच्या आणि कचेरीच्या पगारातून दरमहा कापलेल्या चार पैशांतून अंबड तालुक्यातल्या नाला बांधाची मजुरी निघत होती. शहराने खेड्याला दिलेला हा वाटा केंद्राच्या अनुदानासारखाच होता. फरक इतकाच की त्याच्या अटी मुंबईतील विधिमंडळ ठरवीत होते आणि त्या विधिमंडळात जालन्याचे आमदार बसत होते.

अटी नव्हत्या असे मुळीच नाही. मजुरीवर निदान ६० टक्के खर्च झाला पाहिजे, ठेकेदार नको, काम सुरू करण्यास किमान ५० मजूर हवेत, अशा अटी होत्याच, आणि त्यांचा जाच गावांना होतही होता. परंतु अट बदलावयाची तर दिल्लीला जावे लागत नव्हते. १९९० मध्ये याचा चांगला प्रत्यय आला. त्या वर्षी राज्याने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. सार्वजनिक जमिनीवरच्या कामाचा पैसा शेतकऱ्याच्या खासगी बांधात झाडे लावण्यासाठी वापरता येईल, असे ठरले. जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांना या योजनेने मोठा हात दिला. हा निर्णय चांगला होता की नव्हता यावर मतभेद होऊ शकतात; भूमिहीन मजुराच्या वाट्याचा निधी जमीनधारकाकडे गेला असे म्हणणारेही होते. पण तो वाद महाराष्ट्रातच झाला आणि महाराष्ट्रातच मिटला.

स्वतःचा पैसा असला की सारे सुरळीत होते, असाही भ्रम नको. नव्वदीनंतर व्यवसाय कर वसूल होतच राहिला, पण रोजगार हमीच्या कामांवरील खर्च घटत गेला. निधी साचला आणि राज्याने आपला वाटा वेळेवर घातला नाही, अशी टीका झाली. कर ज्या नावाने घेतला त्या कामासाठी तो खर्च झाला की नाही, हे विचारण्याचा अधिकार मजुराला होता. तेवढा आवाज मात्र त्याला नव्हता.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम केला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता हे सर्वमान्य आहे. रोजगार हा समवर्ती सूचीतील विषय. तेव्हा संसदेला कायदा करण्याचा अधिकार होता आणि इथे अनुच्छेद २८२ च्या आडवाटेची गरज नव्हती. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राचा, साहित्याच्या खर्चात केंद्राचे तीन हिस्से व राज्याचा एक. बेकारी भत्ता मात्र राज्याच्या माथी. १ एप्रिल २००८ पर्यंत तो देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील कलम २८ कडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ज्या राज्याचा स्वतःचा रोजगार हमी कायदा आहे आणि त्यातील हक्क केंद्राच्या कायद्यातील हक्कांपेक्षा कमी नाहीत, त्या राज्याला आपलाच कायदा चालविण्याची मुभा त्या कलमाने दिली होती. केंद्राचे साहाय्य तरीही मिळणार होते. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या कायद्यात सुधारणा करून ही मुभा घेतली. १०० दिवसांपर्यंतचा पैसा केंद्राचा, त्यापुढील दिवसांचा राज्याचा. फळबागा व विहिरी यांसारख्या वैयक्तिक लाभाच्या योजना राज्याच्या कायद्यातही राहिल्या.

इतर राज्यांना जे मिळाले नाही ते महाराष्ट्राला मिळाले, याचे कारण एवढेच की दिल्लीचा कायदा येण्यापूर्वी २६ वर्षे मुंबईचा कायदा चालू होता, आणि तो राज्याच्या पैशावर चालू होता. कोणत्याही न्यायालयीन कसोटीने जे कुंपण घातले नाही ते राज्याने स्वतः घातलेले होते.

केंद्राच्या कायद्यात दुसरेही एक कलम होते, सत्ताविसावे. निधीच्या गैरवापराची तक्रार आल्यास केंद्राने चौकशी करावी, आवश्यक वाटल्यास निधी थांबवावा आणि वाजवी मुदतीत सुधारणेचे उपाय योजावेत, अशी ती तरतूद. मार्च २०२२ पासून पश्चिम बंगालचा निधी या कलमाखाली थांबला आणि तीन वर्षांहून अधिक काळ थांबलेला राहिला. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. गैरव्यवहार रोखण्यासाठी केंद्राने हव्या तेवढ्या कडक अटी घालाव्यात, परंतु योजनाच बेमुदत गोठवून ठेवणे कायद्याला अभिप्रेत नाही, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यापूर्वी मे २०१६ मध्ये, स्वराज अभियानाच्या दुष्काळविषयक याचिकेत, ज्यात महाराष्ट्रही एक प्रतिवादी होता, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावले होते की पैसा नाही ही सबब कायद्याने दिलेल्या हक्कापुढे चालणार नाही. या दोन्ही निर्णयांत राज्याच्या अधिकारापेक्षा मजुराचा हक्क न्यायालयाला जवळचा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अनुच्छेद २८२ खालील अनुदान ही कृपा असते. अधिनियमाखालील मजुरी हे देणे असते. निधीची वाट रोखणाऱ्याला न्यायालयाने थांबविले ते देण्याच्या बाबतीत.

म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी जो नवा अधिनियम मंजूर केला, त्याचे वाचन पंचायत सदस्यांनी आस्थेने केले पाहिजे. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, ही जमेची बाजू. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६० टक्के केंद्राची व ४० टक्के राज्याची अशी ठरली आहे. शिवाय प्रत्येक राज्याचा वाटा केंद्राने निकषांनुसार आधी ठरवावा आणि त्यापुढील खर्च राज्याने सोसावा, अशी योजना आहे. पूर्वी मागणी आली की पैसा यावयाचा. आता नेमून दिलेल्या रकमेच्या आत मागणी बसवावी लागेल, नाहीतर राज्याला आपली तिजोरी उघडावी लागेल. २०१२-१३ सारखे वर्ष पुन्हा आले, जेव्हा जालना शहराला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली होती, तर कामाची मागणी निकषांना विचारून वाढणार नाही.

राज्याने तिजोरी उघडावयाची म्हटली तरी ती भरावयाची कशाने? इथे घटनेची खरी मर्यादा लागते, आणि ती केंद्राला नसून राज्याला लागते. अनुच्छेद २७६ अन्वये व्यवसाय कर एका व्यक्तीकडून वर्षाला २५० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नव्हता. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही कमाल मर्यादा २,५०० रुपये झाली, आणि त्यानंतर ती वाढलेली नाही. १९८८ मधील अडीच हजार रुपये आणि आजचे अडीच हजार रुपये यांतला फरक बाजारात जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावा लागत नाही. विक्रीकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात बहुतांशी विलीन झाला आणि त्याचे दर आता परिषदेत ठरतात. ज्या करांवर पागे यांच्या पिढीने रोजगार हमी उभी केली, त्यांतील एकावर घटनेने झाकण ठेवले आहे आणि दुसऱ्याची चावी एका राज्याच्या हाती राहिलेली नाही.

हे सारे ऐकून केंद्राच्या अटी म्हणजे संकटच, असा समज होऊ नये. अट चांगलीही असू शकते. जालना तालुक्यातील कडवंची गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. नव्वदीच्या उत्तरार्धात तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम झाला. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची त्यात मोठी साथ होती. पैसा परदेशातून, नाबार्डमार्फत आलेला. अटी कडक होत्या : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. परंतु त्या आधी सांगितल्या होत्या, गावाने आपसांत बोलून त्या स्वीकारल्या होत्या, नको म्हटले असते तर गावाचे दुसरे कोणते अनुदान तुटणार नव्हते, आणि प्रत्येक अट डोंगरावरची माती व विहिरीतले पाणी यांच्याशीच निगडित होती. आज तेथे शेततळी आणि द्राक्षबागा दिसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या कसोट्या कडवंचीच्या गावकऱ्यांनी वाचलेल्या नसतील. त्या कार्यक्रमाने मात्र त्या बहुतेक पाळल्या.

ग्रामपंचायतींना हा विषय बंधित आणि अबंधित या दोन शब्दांनी रोज भेटतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जी अनुदाने दिली त्यांतील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित ठेवली. चौदाव्या आयोगाच्या काळात ९० टक्के रक्कम मूळ अनुदान म्हणून येत असे. ज्या गावाची नळयोजना पूर्ण झालेली आहे आणि शाळेचे छप्पर गळते आहे, त्या गावाच्या सरपंचाला ६० आणि ४० यांतला फरक कोणत्याही घटनातज्ज्ञापेक्षा अधिक कळतो. निवडून आलेली संस्था अस्तित्वात असली तरच अनुदान, ही दुसरी अट. २०२२ मध्ये राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा ती अट त्यांच्या वाट्याच्या निधीला आडवी आली. ही अट तत्त्वाला धरून होती असेच म्हणावे लागेल. निवडणूक न होण्यात ग्रामस्थांचा दोष नव्हता, हेही तितकेच खरे.

आणि जे गाऱ्हाणे मुंबईचे दिल्लीकडे, तेच जालन्याचे मुंबईकडे असते. अनुच्छेद ३७१ (२) खाली मराठवाड्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले, निधीचे समन्यायी वाटप व्हावे म्हणून. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जिल्हा वार्षिक योजनेतील लेखाशीर्षे पाहिली तर त्यांतही बंधित रकान्यांची वाण नाही.

ग्रामपंचायतीला स्वतःची म्हणता येईल अशी मिळकत घरपट्टी आणि पाणीपट्टीची. ती वसूल करणे अप्रिय असते. मत मागावयास ज्या दारात जावयाचे त्याच दारात पावती पुस्तक घेऊन जावे लागते. तरी त्या रकमेवर वरच्या कोणाचा रकाना आखलेला नसतो. गळके छप्पर तिच्यातून दुरुस्त करता येते. रोजगाराच्या बाबतीत ग्रामसेवक आणि रोजगार सेवक यांनी एवढे पाहावे की कामाची मागणी तोंडी राहणार नाही : मजुराने नमुना ४ भरला की त्याला त्याच दिवशी तारखेसह पोच मिळावी. निधी कोणाचा, वाटा किती, मर्यादा कोणती, हा वाद मुंबई आणि दिल्ली यांच्यात चालू राहील. पंधरा दिवस मोजावयाचे ते त्या पोचपावतीवरील तारखेपासून.